टिळव्यांचं विरजण

"सगळ्या निळ्या आहेत," मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता मी म्हणाले.

"निळ्या म्हणजे चांगल्या की वाईट?" सुलभाकाकूंनी विचारलं.

"निळ्या म्हणजे मेलेल्या, काकू."

मागे उभ्या असलेल्या प्रभाकरकाकांनी डोक्यावरचं सायकलचं हेल्मेट काढून छातीशी धरलं. एरवी मी हसले असते. त्या सकाळी मला रडायलाही सुचत नव्हतं.

मेल्या होत्या त्या यीस्टच्या पेशी. यीस्ट म्हणजे बिअरचं विरजण. धान्याला मोड आणायचे, ते वाळवून भरडायचं, गरम पाण्यात त्याचा गोड काढा काढायचा, तो उकळून गार करायचा आणि त्यात यीस्ट सोडायचं. आपलं काम तिथे संपतं. पुढची बिअर यीस्ट करतं, आपण नुसत्या टाकीभोवती घिरट्या घालायच्या. त्या गोड काढ्याला आम्ही वर्ट म्हणतो. आदल्या संध्याकाळी मी माझ्या स्वतःच्या पहिल्या टाकीत वर्ट भरून त्यात परदेशातून मागवलेलं यीस्ट सोडलं होतं. ते पाकीट मे महिन्याच्या उन्हात कुठल्या गोदामात किती दिवस भाजत पडलं होतं देव जाणे. रविवारी सकाळी टाकी ढिम्म. ना फेस, ना बुडबुडा. म्हणून एक थेंब काढून त्यात निळा रंग घातला. जिवंत पेशी तो रंग अंगाला लागू देत नाही, मेलेली मुकाट्याने रंगून घेते. माझ्या भिंगाखाली तर रंगपंचमी झाली होती.

ही गोष्ट दहाबारा वर्षांपूर्वीची. बावधनला मी पत्र्याची एक शेड घेतली होती, परवान्यांसाठी चपला झिजवल्या होत्या आणि तीन आठवड्यांनी माझी ब्रुअरी उघडणार होती. निमंत्रणं गेली होती. आई, जिने तोपर्यंत बिअर हा शब्द घरात उच्चारला नव्हता, तीसुद्धा येणार होती. आणि त्या दिवशी ठेवायला माझ्याकडे एकच बिअर होती, गव्हाची आणि ज्वारीची, जी आता टाकीत बेवारस पडून होती. यीस्ट नसलेलं वर्ट म्हणजे उघड्यावर ठेवलेलं दूध. त्यात मे महिना. संध्याकाळपर्यंत त्यात भलतंच काही शिरलं असतं आणि अख्खी टाकी गटारात सोडावी लागली असती.

माझ्या या शोकसभेला हजर असलेली मंडळी होती 'चाक आणि चषक' या सायकल गटाची. दर रविवारी सकाळी हे लोक सायकली काढायचे आणि पुण्याच्या आजूबाजूची एखादी ब्रुअरी गाठायचे. जाताना सायकल, येताना टेम्पो, हा त्यांचा नियम, कारण प्यायल्यावर हँडलला हात लावायचा नाही अशी सुलभाकाकूंनी सगळ्यांना तंबी दिली होती. काकू स्वतः लिंबूसरबताच्या पुढे जात नसत. प्रभाकरकाका आणि सुलभाकाकू निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जोडसायकल घेतली होती, पुढे काका, मागे काकू. तिसरा इरफान तांबोळी, दातांचा डॉक्टर, गटातला सगळ्यात वेगवान. त्या रविवारी मी तिघांना माझी टाकी बघायला बोलावलं होतं. माझे पहिले पाहुणे.

"मग दुसरीकडून आण की यीस्ट," इरफान म्हणाला.

"कुठून आणू? गव्हाच्या बिअरचं हवं. पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो ना, तो यीस्टचा असतो. तसलं यीस्ट या गावात एकाच माणसाकडे आहे."

"टिळवे," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात भक्तिभाव होता. टिळव्यांची गव्हाची बिअर हा काकांचा हळवा कोपरा होता.

"मग त्यांच्याकडून आण," काकू म्हणाल्या.

"काकू, मी चार वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं. मी ज्वारीची बिअर करू या म्हणाले, तर चार लोकांत म्हणाले, ज्वारी गुरांना घाल. मी राजीनामा दिला. आणि शेवटच्या दिवशी त्यांनी गेटवर वॉचमनकडून माझी बॅग उघडायला लावली."

"कशासाठी?"

"यीस्ट चोरून नेतेय का ते बघायला."

त्या बॅगेतून काय निघालं ते मला आजही पाठ आहे. डबा, छत्री, कंगवा आणि अर्धा खाल्लेला बिस्किटांचा पुडा. गेनबा वॉचमन बिचारा खाली मान घालून एकेक वस्तू परत आत ठेवत होता आणि टिळवे सर खिडकीत उभे राहून बघत होते. त्यानंतर दोन वर्षं आमचं एका शब्दाने बोलणं नव्हतं.

"नेलं होतंस का?" काकूंनी विचारलं.

"काकू!"

"नाही ना? मग तुला कसली लाज? वाटायची तर त्याला वाटू दे. ऊठ."

"बरं, फोन करून बघते."

"विरजण फोनवरून मागतात होय? शेजारणीशी कितीही भांडण असू दे, विरजण मागायला दारात जावंच लागतं. आणि विरजणाला कोणी नाही म्हणत नाही."

"फोन तो उचलणारही नाही," इरफान म्हणाला. "रविवार आहे."

हे मात्र खरं होतं. टिळव्यांची ब्रुअरी पिरंगुटच्या पलीकडे, चिकूच्या बागेत. पूर्वी रविवारी तिथे गाड्यांची अशी झुंबड उडायची की एकदा कोणीतरी त्यांच्या नव्या लावलेल्या झाडांवर गाडी चढवली. तेव्हापासून सरांनी फतवा काढला, रविवारी दुपारपर्यंत गेट फक्त सायकलवाल्यांना उघडेल. गाडीतून साक्षात मंत्री आला तरी गेनबा हात जोडून परत पाठवायचा. आणि मला तर सायकल येत नव्हती. म्हणजे लहानपणी येत होती, पण बावधनच्या रस्त्यावर ट्रकच्या शेजारून नाही.

काकूंनी आपलं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर बसवलं आणि हनुवटीखाली पट्टा आवळला.

"माझ्या जागेवर बस. मागच्याला काही करायचं नसतं, पाय हलवायचे आणि सूचना द्यायच्या. मी इथे टाकी राखते."

"काकू, टाकीला राखायचं काय?"

"तुला काय करायचंय? कोणाला झाकण उघडू देणार नाही मी."

इरफानने मग सगळ्यांच्या मनातली भीती बोलून दाखवली. "म्हणजे टिळव्यांकडे जायचं आणि सायकलनेच लगेच परत यायचं? टेम्पो नाही?"

"टेम्पो दुपारी येतो. तोवर हिचं दूध नासेल."

"म्हणजे तिथे जाऊन..." काकांना वाक्य पुरं करवेना.

"कोरडे परत या," काकू म्हणाल्या.

काकांनी बायकोकडे असं बघितलं की मला त्यांची दया आली. पण ते मुकाट्याने सायकलवर बसले. मी माझ्या वर्टची एक बाटली भरून घेतली. आमच्या धंद्यात रीत आहे, यीस्ट मागायला जाणाऱ्याने आपलं वर्ट घेऊन जायचं. आपलं यीस्ट कशात पडणार आहे हे देणाऱ्याला चाखून बघता आलं पाहिजे. बाटली बॅगेत टाकताना लक्षात आलं, ही तीच बॅग. दुसरी होती कुठे माझ्याकडे?

जोडसायकलवर मागे बसणं हा अजब प्रकार आहे. पुढचं काही दिसत नाही, दिसते ती फक्त पुढच्या माणसाची पाठ. काका खड्डा आला की "खड्डा!" असं ओरडायचे, पण खड्डा गेल्यावर. भूगावचा चढ लागला तेव्हा मी इतक्या जोरात पाय मारले की काका म्हणाले, "अगं हळू! सुलभाची सवय आहे मला, ती चढावर पाय नुसते फिरवते, जोर सगळा माझा." इरफान पुढे जायचा, वळून परत यायचा, पुन्हा पुढे जायचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुलमोहर पेटले होते, आभाळ स्वच्छ होतं आणि मी मात्र मनातल्या मनात हिशोब करत होते. सर नाही म्हणाले तर टाकी गेली. हो म्हणाले तर त्यांच्यासमोर हात पसरावा लागणार. दोन्हींपैकी जास्त वाईट काय, हे मला पिरंगुटचा उतार संपेपर्यंत ठरवता आलं नाही.

गेनबाने आम्हाला लांबूनच पाहिलं.

"ताई, तुम्ही? आन् सायकलीवर?" त्याचं लक्ष माझ्या पाठीवरच्या बॅगेकडे गेलं आणि तो घाईघाईने गेट उघडायला लागला. गेट आधीच उघडं होतं. तो ते नुसतंच पुढेमागे करत राहिला.

चिकूच्या झाडांखाली सायकली कलंडल्या होत्या, लोक घामेजलेल्या अंगाने बाकांवर बसून उंच ग्लासांतली गढूळ सोनेरी बिअर पीत होते. काकांनी डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. इरफानने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

टिळवे सर काउंटरमागे होते. तोच निळा ॲप्रन, तेच कपाळावर चढवलेले चष्मे. होय, चष्मे, एक जवळचा आणि एक लांबचा. त्यांनी मला पाहिलं आणि ग्लास पुसत राहिले.

"सर, माझं यीस्ट मेलं," मी म्हणाले. नमस्कार-चमत्कार सगळं राहून गेलं. "टाकी भरलेली आहे. थोडं यीस्ट हवंय."

ग्लास पुसून झाला. त्यांनी दुसरा घेतला.

"कधी भरलीस?"

"काल संध्याकाळी."

"वर्ट आणलंस?"

मी बाटली पुढे केली. त्यांनी एका छोट्या ग्लासात ओतलं, उजेडाकडे धरलं, वास घेतला, एक घोट तोंडात घोळवला. मला वाटलं आता थुंकतील.

"ज्वारी."

"हो."

"मोड आणून भाजलीस?"

"मंद आचेवर. मातीच्या परातीत."

त्यांनी दुसरा घोट घेतला. मग तिसरा. ग्लास रिकामा झाला आणि त्यांनी बाटलीतलं उरलेलंही ओतून घेतलं. काका माझ्या कानात कुजबुजले, "आवडलंय त्याला." मी त्यांना कोपराने ढोसलं.

"ये," सर म्हणाले.

आतल्या टाकीच्या तळाशी, जिथे बिअर झाल्यावर यीस्ट साचतं, तिथे नळ होता. सरांनी एक पांढरा कॅन उकळत्या पाण्याने विसळला, नळाखाली धरला आणि दाट, पिठल्यासारखं यीस्ट त्यात सोडलं. वास आला. केळं, लवंग, ओलं धान्य. चार वर्षं रोज सकाळी मी त्या वासात वाढले होते. माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःचाच राग आला.

"बॅग दे," सर म्हणाले.

मी बॅग पाठीवरून काढली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "उघडून दाखवू?"

नळाचं पाणी टपटपत होतं. काका छताकडे बघायला लागले. इरफानला एकाएकी बुटात खडा सापडला. सरांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्यांनी माझ्या हातातून बॅग घेतली, कॅनचं झाकण लावलं, ओल्या फडक्यात कॅन गुंडाळला, बॅगेत उभा ठेवला आणि चेन ओढली. त्यांना चेन दोनदा ओढावी लागली.

"ऊन वाढायच्या आत नीघ," एवढंच म्हणाले आणि पाठ फिरवून आत गेले.

परतीच्या वाटेवर मला हवेत तरंगल्यासारखं वाटत होतं. यीस्ट मिळालं होतं आणि वर मनातलं बोलूनही झालं होतं. आता पिरंगुटचा उतार चढ झाला होता, काका धापा टाकत होते, इरफान आमच्या मागोमाग चालला होता आणि आम्हाला जोर यावा म्हणून मोठमोठ्याने आकडे म्हणत होता. बॅग पाठीला घट्ट बसायला लागली. मला वाटलं, पट्टे आखडले असतील. मग ती आणखी घट्ट झाली. चढ संपून भुकूमच्या रसवंतीशी आलो आणि माझ्या पाठीवर धाड्‌कन आवाज झाला.

"पंक्चर!" काका ओरडले आणि त्यांनी ब्रेक दाबला.

पंक्चर नव्हतं. कॅन फुटला होता. बॅगेची चेन उसवून यीस्ट कारंज्यासारखं उडालं होतं, माझ्या मानेवर, काकांच्या हेल्मेटवर आणि बहुतेक सगळं मागून तोंड उघडून आकडे म्हणणाऱ्या इरफानवर. पांढरे कपडे घातलेला इरफान डोक्यापासून छातीपर्यंत पिठल्यात बुडवून काढल्यासारखा उभा होता. त्याने ओठांवरून जीभ फिरवली.

"केळ्याचा वास येतोय," तो म्हणाला.

रसवाला घुंगरांचा चरक थांबवून धावत आला. "काय झालं वो ताई? ताक सांडलं का काय?"

मी बॅगेत हात घातला. कॅन तळापासून उभा चिरला होता. आत हाताला लागेल इतकंही उरलं नव्हतं. पण मी बघत होते झाकणाकडे. झाकण शेवटच्या आट्यापर्यंत आवळलेलं होतं.

यीस्ट जिवंत असतं, ते सतत वायू सोडतं. म्हणून यीस्टच्या भांड्याचं झाकण सैल ठेवायचं असतं. हे आमच्या कामातलं अगदी बाळबोध शिक्षण आणि ते मला टिळवे सरांनी दिलं होतं. आवळलेल्या झाकणावरून त्यांनी माणसं कामावरून काढली होती. मी निघताना झाकण तपासलं नव्हतं, कारण टिळव्यांनी लावलेलं झाकण कोणी तपासत नाही.

"काका," मी म्हणाले, "हे त्यांनी मुद्दाम केलंय."

"छे छे."

"त्यांच्याकडून चुकणं शक्य नाही. चार वर्षांत एकदाही नाही चुकलं. मी टोमणा मारला आणि त्यांनी झाकण आवळलं. मनात म्हणाले असतील, घे, ने तुझं यीस्ट."

मी रस्त्याच्या कडेला, रसवंतीच्या बाकावर बसले आणि मग मात्र रडले. टाकी गेली याचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त वाईट या माणसाचं वाटलं. इतका खालच्या पातळीचा असेल तो? ज्याच्याकडून मी सगळं शिकले, तो?

इरफानने रसवाल्याच्या बादलीतल्या पाण्याने तोंड धुतलं. "मी जाऊन विचारतो," तो म्हणाला.

"काही विचारायचं नाही."

"विचारतो. नाही तर मला आज झोप लागणार नाही." आणि तो उतारावरून असा सुटला की दिसेनासा झाला.

काकांनी दोन ग्लास रस मागवला. आम्ही पीत बसलो. काका म्हणाले, "रविवारी सकाळी उसाचा रस. सुलभाला सांगू नकोस, ती रोजच पाजेल." मी रडता रडता हसले आणि मला ठसका लागला. रसवाल्याने बर्फ घालून आणखी एक ग्लास आणून दिला आणि पैसे घेणार नाही म्हणाला. ताईंचं एवढं ताक सांडलं म्हणून.

बराच वेळ गेला. मग चढाच्या टोकाशी दोन सायकली दिसल्या. पुढे इरफान. आणि मागे, निळ्या ॲप्रनसकट, उघड्या डोक्याने, टिळवे सर. एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताने छातीशी धरलेला कॅन. साठीच्या घरातला माणूस तो चढ एका हाताने चढून आला होता.

त्यांनी पाय टेकले. त्यांना बोलायला दम उरला नव्हता. त्यांनी माझ्या शेजारी पडलेला फुटका कॅन उचलला, झाकण फिरवून पाहिलं, पुन्हा फिरवून पाहिलं.

"मी लावलं होतं हे?"

"हो, सर."

"इरफान सांगत होता तेव्हा मला खोटं वाटलं." ते माझ्याकडे बघत नव्हते, झाकणाकडेच बघत होते. "मुद्दाम केलं असं वाटलं असेल तुला."

"वाटलं."

"साहजिक आहे. ज्याने तुझी बॅग उघडायला लावली तो काहीही करेल." रसवाल्याचा चरक थांबलेलाच होता, त्यामुळे त्यांचं बोलणं नीट ऐकू येत होतं. "तू म्हणालीस ना, उघडून दाखवू का म्हणून. त्यानंतर मी काय केलं मला आठवत नाही. झाकण लावलेलंसुद्धा आठवत नाही. दोन वर्षं तो प्रसंग माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, केतकी. ती छत्री, तो डबा. खिडकीत उभं राहून सगळं बघितलं मी."

मी माझा रसाचा ग्लास त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो एका दमात संपवला.

"आणि बागेतले लोक?" काकांनी विचारलं.

"आहेत तिथेच. गेनबा बघतोय."

"पण काउंटरवर कोण आहे?"

"कोणी नाही. घेतील आपल्या हाताने."

काकांनी पिरंगुटच्या दिशेने पाहिलं. "काउंटर उघडं आहे," ते पुटपुटले, "आणि मी इथे रस पितोय."

कॅन सरांनी कोणालाच दिला नाही. झाकण सैल ठेवून, वर ओलं फडकं बांधून, एका हाताने तो छातीशी धरून ते थेट बावधनपर्यंत सायकल चालवत आले. दारात सुलभाकाकू खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी आमच्या अवताराकडे पाहिलं, इरफानच्या केसांतलं पिठलं पाहिलं आणि पदराने नाक झाकलं.

"मिळालं?"

"मिळालं, काकू."

सर टाकीपाशी गेले. टाकीवर हात फिरवला, जोड तपासले, थर्मामीटर बघितला. मग कॅन माझ्या हातात दिला.

"तू ओत. टाकी तुझी आहे."

मी ओतलं. ते थांबले नाहीत. काकूंनी चहा विचारला, तर "बाग उघडी टाकून आलोय" म्हणाले आणि निघून गेले.

रात्रभर मला झोप आली नाही हे सांगायला नको. सकाळी शेडवर पोचले तर शटरपुढे टिळवे सर उभे, सायकलला टेकून. त्यांच्या पाठोपाठ जोडसायकलवरून काका-काकू. काकूंनी डब्यातून घावन आणले होते. मी शटर उचललं आणि आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो.

टाकीतून निघालेल्या नळीचं टोक मी पाण्याच्या बादलीत सोडून ठेवलं होतं. बादली नुसती खदखदत होती. बुडबुड्यांवर बुडबुडे, पाणी काठावरून बाहेर उडत होतं आणि सगळ्या शेडमध्ये केळ्याचा, लवंगेचा, भाजलेल्या ज्वारीचा वास भरून राहिला होता. काकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी टाकीवरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. मी तर बादलीभोवती चक्क फुगडीच्या गिरक्या घेतल्या, एकटीने.

सर बादलीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. मीही बसले. कितीतरी वेळ आम्ही दोघं तो आवाज ऐकत राहिलो. मग माझ्या लक्षात आलं.

"सर, आज सोमवार. तुमची टाकी भरायचा दिवस."

"नाही भरणार आज."

"का?"

"यीस्ट नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे संपलं. होतं त्यातलं निम्मं पहिल्या कॅनमध्ये गेलं." ते बादलीकडेच बघत होते. "उरलेलं दुसऱ्यात."

"अहो!" काकू घावनाचा डबा हातात घेऊन पुढे आल्या. "सगळं विरजण कोणी देऊन टाकतं का? चमचाभर तरी घरात मागे ठेवायचं असतं!"

"पहिल्या वेळी ठेवलं होतं की," सर म्हणाले. "दुसऱ्या वेळी ठेवलं असतं तर हिला कमी पडलं असतं."

जर्मनीहून आणून वीस-पंचवीस वर्षं पोटच्या पोरासारखं जपलेलं ते यीस्ट. ते कोणी नेऊ नये म्हणून त्यांनी माझी बॅग उघडायला लावली होती. आता त्यांच्या घरात त्याचा एक थेंब नव्हता. होतं नव्हतं ते सगळं माझ्या टाकीत उड्या मारत होतं.

"तुझी बिअर झाली की," सर म्हणाले, आणि हा माणूस कोणापुढे काही मागताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहत होते, त्यामुळे त्यांचा आवाज मला ओळखू येईना, "त्यातलं थोडं मला देशील?"

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तोंडावरचं हसू काही जाईना.

"अगं, बोल की काहीतरी," काकू म्हणाल्या. "माणूस दारात आलाय."

"देईन, सर," मी म्हणाले. "हवं तेवढं देईन."

त्यांनी मान हलवली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि शिडी मागितली. मी शिडी लावली. ते वर चढले, टाकीच्या वरच्या काचेला डोळा लावला आणि तसेच उभे राहिले. आत फेस काचेपर्यंत चढला होता. ते काही खाली उतरेनात.

"अहो टिळवे, काय दिसतंय?" काकांनी खालून हाक मारली.

सरांनी काचेवरून डोळा काढला नाही.

"माझ्याकडे हे असं कधी नाचलं नाही हो," ते म्हणाले.